‘माणूस मुळात वाईटच’ या विषयावर बोलायला उभं राहण्याआधी

वादविवाद स्पर्धांत हा विषय फिरून फिरून येतो आणि अनुकूल बाजूचा पहिला वक्ता माइक हातात आला की हिटलर काढतो. प्रतिकूल बाजूकडून लगेच मदर तेरेसा. मी परीक्षक असलो की तिथेच पेन खाली ठेवतो. काही माणसं वाईट निघाली, काही चांगली निघाली, एवढंच त्यातून कळतं. म्हणून स्पर्धेला बसवतो त्या मुलांना आधी सांगतो: हे दोघे घरी ठेवा आणि प्राचीन चीनमधले दोघे तत्त्वज्ञ वाचा.

चिठ्ठीत प्रतिकूल बाजू निघाली तर मेन्सियस, इ. स. पू. ४ थ्या शतकातला. लहान मूल विहिरीत पडणार, एवढ्यात तुमची नजर गेली. काळजात धस्स होतं. आईबापांची मर्जी मिळवायची म्हणून नाही, लोकांत नाव व्हावं म्हणून नाही, मुलाचं रडणं कानाला नकोसं होतं म्हणूनही नाही. हे तिन्ही ‘नाही’ भाषणात आलेच पाहिजेत. स्वार्थाचा आरोप तिथेच अडतो. आणि नीट बघा, माणूस धावत जाऊन मुलाला वाचवतोच, असं मेन्सियस म्हणत नाही. धस्स होतं, एवढंच म्हणतो. तो चांगुलपणाचा कोंब. जपला नाही तर जळून जाईल. तेव्हा समोरचा ‘लोक अपघाताचे व्हिडिओ काढत उभे राहतात’ म्हणाला तरी गडबडू नका.

अनुकूल बाजूला शुन्झी, पुढच्या शतकातला. हा मेन्सियसचं नाव घेऊनच त्याला खोडतो. मेन्सियस पहिला क्षण बघतो. शुन्झी विचारतो, माणसाला मोकळं सोडलं तर पुढे काय होईल? भांडणं, ओरबाडणं. पोटात भूक असूनही मोठ्यांच्या आधी घास न घेणं हे शिकवावंच लागतं. वाकडं लाकूड वाफवून, दाबून सरळ करावं लागतं. माणूस आपोआप सरळ असता तर राजे आणि रीतिरिवाज हवेत कशाला? मात्र ‘माणूस सुधारणारच नाही’ असं बोललात की शुन्झी तुमच्या हातून गेला. रस्त्यावरचा कुणीही यू राजासारखा थोर होऊ शकतो, हे त्याचंच म्हणणं.

फेरवादात तुम्हाला हमखास विचारतील: सगळेच वाईट, तर पहिल्याला चांगुलपणा शिकवला कुणी? शुन्झीचं उत्तर तयार आहे. मडकं कुंभाराच्या स्वभावातून येत नाही, कसबातून येतं. तसे रीतिरिवाज थोरांच्या मेहनतीतून आले. पण मेहनत करावीशी तरी का वाटली? त्यावर तो म्हणतो, गरिबाला श्रीमंती हवी असते, तसं चांगुलपणा नाही म्हणूनच माणसाला तो हवासा वाटतो.

मला हे लंगडं वाटतं. श्रीमंतालाही आणखी पैसा हवाच असतो, आणि समोर हुशार पोरगी असली तर ती नेमकं हेच पकडते. तेव्हा हा मुद्दा शेवटची घंटा व्हायच्या बेतात असेल तेव्हाच काढा.