वरकस जमिनीत दहा गुंठे नाचणी

भात जिथे तग धरत नाही, त्या डोंगरउतारावरच्या हलक्या, म्हणजे वरकस जमिनीत नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम १०. तरीही सह्याद्रीतली कितीतरी वरकस जमीन पड राहते, याचं वाईट वाटतं.

दहा गुंठ्यांना ४०० ते ५०० ग्रॅम बी आणि एक गुंठा रोपवाटिका पुरते. उथळ, हलक्या जमिनीत हळवं, म्हणजे लवकर पिकणारं वाणच घ्या. गरव्याचे, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या वाणाचे दाणे भरायच्या आत ओल संपते. बी पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाका. मीटरभर रुंद, १० सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर जूनच्या पहिल्या पावसात ओळीने पेरा, वर जेमतेम सेंटिमीटरभर माती. फोकून पेरलं की रोपं दाट, लुकडी होतात.

रोप २५ ते ३० दिवसांचं झालं की लावणी. वय वाढलं तर फुटवे, म्हणजे बुंध्यातून फुटणारे बाजूचे दांडे, कमी येतात. दोन ओळींत २०, दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून एका जागी दोन रोपं लावा. ओळ सरळ हवीच, कारण नाचणीसारखं दिसणारं एक गवत कणीस येईपर्यंत ओळखता येत नाही. ओळीबाहेर जे उगवेल ते बेलाशक उपटा. बेणणी, म्हणजे तण काढणं, लावणीनंतर २० आणि ४० दिवसांनी. पाणी तुंबू देऊ नका, मुळं कुजतात.

शेणखत अर्धा ते एक टन. युरिया एकदम ओतू नका: हिरवंगार दिसणारं पीक करपा रोग आधी धरतं. कणसाच्या मानेवर तपकिरी-काळा पट्टा दिसला की वरचे दाणे पोचट राहणार, समजा. अशा कणसाचं बी धरू नका.

कणसं एकदम पिकत नाहीत. आधी मुख्य दांड्याची खुडा, मग आठ-दहा दिवसांनी फुटव्यांची. ओली कणसं ढीग करून ठेवली की आतून तापतात, बुरशी धरते. तीन-चार उन्हं दाखवूनच झोडा. दाणा दाताखाली कटकन फुटला तरच कणगीत भरा. असा वाळलेला दाणा सहसा कीड धरत नाही, वर्षानुवर्षं टिकतो.

बियाण्यासाठी खुडणीआधीच उभ्या पिकातली भरलेली, निरोगी कणसं दोरा बांधून राखा. नाचणीत बहुतेक स्वपरागीभवन असतं, त्यामुळे घरचं बी पुढच्या वर्षीही वाणाला धरून राहतं.