छातीला मार लागला की बरगडीआधी श्वास बघा

उसाच्या ट्रॉलीवरून पडणं, खंबाटकी घाटात स्टिअरिंग छातीवर आदळणं, बैलाचं शिंग, पाटण-शिराळ्याच्या बाजूला गव्याची धडक. सातारा-सांगलीकडे छातीला मार बसतो तो बहुधा असा. जमलेली माणसं लगेच विचारतात, "बरगडी मोडली का?" ते दवाखान्यात कळेल. तुम्ही आधी श्वास मोजा.

घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा, पण जखमीला सांगू नका. कळलं की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. २५ च्या वर गेले तर काळजीचं, ३० च्या वर किंवा १० च्या खाली असतील तर जीव धोक्यात. दोन-तीन शब्दांत दम लागणं, ओठ निळसर होणं, मानेच्या शिरा फुगणं ही तशीच लक्षणं.

मग शर्ट काढून, पायांकडे उभं राहून छाती बघा. एखादा भाग श्वास घेताना आत आणि सोडताना बाहेर जात असेल, तर लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन-दोन ठिकाणी मोडल्या आहेत. दुखण्यामुळे स्नायू आखडलेले असतात तोवर हे लपून राहतं, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा. कातडीखाली बोटांना चरचर लागली तर फुफ्फुसातली हवा बाहेर झिरपते आहे. लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. हाड शाबूत राहून आतलं फुफ्फुस ठेचलेलं असू शकतं.

१०८ ला फोन करा. शुद्धीत असेल तर अर्धवट बसवा, दुखऱ्या बाजूकडे कलू द्या. मणक्याला मार असण्याची शंका असेल तर बसवू नका, मान स्थिर धरा. खायला-प्यायला काही देऊ नका.

आणि छाती आवळून बांधू नका. पंचा नको, क्रेप बँडेज नको, हाडवैद्याचा पट्टाही नको. बांधल्यावर दुखणं कमी वाटतं, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण फुफ्फुस पुरतं फुलत नाही, कफ तळाशी साचतो आणि काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. दुखरी जागा उशीने किंवा हाताने धरली तरी पुरे.

छातीला भोक पडून हवा फसफसत असेल तर बोळा कोंबू नका, प्लास्टिकही चिकटवू नका. पूर्वी तीन बाजूंनी चिकटवायला शिकवायचे. आता प्रथमोपचारात जखम उघडीच ठेवायला सांगतात, कारण झाकली की हवा आत कोंडून फुफ्फुस आणि हृदय दाबलं जातं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा. ते भिजून भोकावर चिकटलं आणि दम वाढला, तर लगेच उचला. घुसलेली सळई किंवा काच उपसू नका. कोंडलेली हवा सुई किंवा नळी घालून काढणं डॉक्टरचं काम, म्हणून गाडी ऑक्सिजन, एक्स-रे आणि सर्जन असलेल्या ठिकाणीच न्या: कराड, सातारा, मिरज.

खालच्या बरगड्यांना मार असेल तर आत डावीकडे प्लीहा (पाणथरी), उजवीकडे यकृत यांनाही इजा झालेली असू शकते. पोट दुखत असेल तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा.

घरी पाठवलं तरी एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड मोडलंच नाही असं नाही. बारीक तडा बऱ्याचदा दिसत नाही. उपचार मुख्यतः दुखणं आटोक्यात ठेवण्याचाच. ५० किलोंवरच्या मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर डॉक्टरला विचारून कमी. जागेपणी तासाला दहा खोल श्वास, उशी छातीशी धरून खोकणं, पाठ उंच करून झोपणं. बिडी बंद. उसाची मोळी किमान सहा आठवडे उचलायची नाही.

ठेचलेलं फुफ्फुस पहिल्या एक-दोन दिवसांत बिघडतं, तेव्हा दम वाढला, ताप आला, कफ पिवळा-हिरवा किंवा रक्ताचा पडला तर थांबू नका. पासष्टीच्या पुढच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तर पहिल्याच दिवशी दाखवा, बरं वाटत असलं तरी.