टॅलीच्या मशिनला एसएसडी घेताना

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांची आणि सीए ऑफिसांची मशिनं मी बघतो. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरसाठी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, बसवायची असते. शेठ लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सगळ्यात फास्ट कुठली?" माझं उत्तरही ठरलेलं: आधी कॅबिनेट उघडू.

आत एच६१ किंवा एच८१ असा जुना मदरबोर्ड निघाला तर एम.२चा, म्हणजे पट्टीसारखं एसएसडी कार्ड थेट बोर्डावर बसवायचा, स्लॉट बहुधा नसतोच. तिथं हार्ड डिस्कसारखी केबलनं जोडायची अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही, पण हार्ड डिस्कवर रडतखडत उघडणारी टॅली तेवढ्यानंही झटक्यात उघडते. अशा जुन्या इंटेलवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा २५६ जीबीच्या वर पैसे घालू नका.

स्लॉट असला तरी तो साटाचा की त्याहून वेगवान एनव्हीएमईचा, हे मॅन्युअलमध्ये बघा. कार्डाच्या सोनेरी दातांत एक खाच असेल तर ते बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुतेक वेळा साटा. गंमत म्हणजे दोन खाचांचं साटा कार्ड एनव्हीएमई स्लॉटात नीट बसतं, स्क्रूही लागतो, फक्त मशिनला दिसत नाही! लांबीही मोजा: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब.

सगळ्यांचा टॅली डेटा ज्या मशिनवर, तिथं हात आखडता घेऊ नका. खोक्यावरचा सेकंदाला ७००० एमबीचा वेग सोडा, डेटाशीटमधलं टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिखाण सोसेल तो आकडा, वाचा. ५०० जीबीच्या टीएलसीला (चिपच्या एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारा प्रकार) ३०० टीबीडब्ल्यू म्हणजे पाच वर्षं रोज १६० जीबी लिखाण. व्हाउचर मारून एवढं होतंय कुठं? स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट) मात्र मोठा बॅकअप कॉपी करताना कॅश, म्हणजे आतली तात्पुरती वेगवान जागा, भरली की हार्ड डिस्कपेक्षाही खाली येऊ शकते.

खरी भीती लिखाण चालू असताना लाईट जाण्याची. तेवढ्या क्षणापुरती वीज पुरवणारे कपॅसिटर सहसा सर्व्हरसाठीच्या महागड्या एंटरप्राइज एसएसडीतच असतात. त्यापेक्षा यूपीएसची मेलेली बॅटरी बदला.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क किती तास चालली, ते बघा. नव्या मालावर शे-दोनशे तास दिसले तर तो वापरलेला आहे, तसाच परत करा. क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवण्याआधी, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की काढून ठेवा. आणि जुनी हार्ड डिस्क महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत फॉरमॅट करायची नाही, कितीही घाई असली तरी.