वणवा विझवताना या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की सिंहगड-कात्रजच्या डोंगरांवर आणि पुणे शहरातल्या टेकड्यांवर गवत वाळून कोळ झालेलं असतं. धूर दिसला की माणसं मदतीला धावतात, पण घाईत आगीच्या वरच्या अंगाला जाऊन उभी राहतात. ही सगळ्यात घातक चूक. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते धगीनं आधीच तापतं आणि क्षणात पेट घेतं. ढोबळमानानं उतार 10 अंशांनी वाढला की वणव्याचा वेग दुप्पट होतो. घळीत तर धुराड्यासारखी ओढ लागते, तिथं उतरूच नये. जळून गेलेल्या मागच्या बाजूनं सुरुवात करावी, काळ्या पडलेल्या जमिनीवरून दोन्ही कडा विझवत आगीच्या तोंडाकडे, म्हणजे पुढे सरकणाऱ्या टोकाकडे जावं. वारा फिरला तर माघारी यायची जागाही तीच.

ज्वाळा कमरेच्या वर गेल्या असतील तर फांदी घेऊन भिडू नये. तिथं जाळरेषाच हवी, म्हणजे आगीच्या वाटेतलं गवत काढून मोकळा केलेला पट्टा. फांदी हिरव्या पानांची घ्यावी. ती डोक्यावर उचलून झोडपली की ठिणग्या उडतात आणि मागं नवी आग लागते. आगीच्या कडेवर दाबून जळालेल्या बाजूकडे ओढावी. अंगात जाड सुती कपडे, पायात चामडी बूट. नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

जाळरेषा फसते ती बहुधा कापलेलं गवत तिथंच पडून राहिल्यामुळे. माती उघडी दिसेपर्यंत पट्टा साफ हवा. मात्र वनजमिनीवर स्वतः काडी लावू नये, तो भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा आहे. जाळून पट्टा काढायचं काम वनकर्मचाऱ्यांचं.

यापुढचं काम कंटाळवाणं, म्हणून ते राहून जातं, आणि विझलेला वणवा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेटतो. ज्वाळा गेल्या तरी वाळकं शेण, घाणेरीची खोडं, झाडांचे बुंधे, जमिनीतली मुळं आतून धुमसत असतात. त्यावर नुसती माती लोटली तर निखारा खाली जिवंत राहतो. खोड फोडावं, निखारे पसरावेत, पाणी नसेल तर गार मातीत कालवत राहावं. कडेपासून आत निदान 15 मीटरपर्यंतचा पट्टा आधी तपासावा. तळहाताऐवजी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग पाहावी, स्पर्श करू नये. उतारावर जळकं ओंडकं घरंगळून खालचं गवत पेटवतं, त्यासाठी खालच्या कडेला वीतभर खोल चर काढावा. दुसऱ्या दिवशी ऊन चढून वारा सुटेल, तेव्हा कुणीतरी तिथं हजर असावं.

फोन मात्र सगळ्याच्या आधी: वनविभाग 1926, अग्निशमन 101. “टेकडी पेटलीय” एवढं सांगून गाडी नेमकी पोहोचत नाही. कुठली बाजू, जवळचं देऊळ किंवा फाटक, वारा कुणीकडे आणि गाडी कुठवर चढते, तेही सांगावं.