टार्गेट आर्चरीसाठी रिकर्व्ह धनुष्य कसं निवडायचं

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती पाउंडाचं, म्हणजे ओढायला किती जड घेऊ? आणि मनात आकडा मोठाच असतो. पण पाउंडाच्या आधी दोन गोष्टी बघा.

आधी डोळा. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा, जो उघडा असताना वस्तू फटीतच राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर शक्यतो राइट हँड धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचं.

मग माप. हात आडवे पसरून बोटांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इंचात मोजा, 2.5 ने भागा, ही झाली अंदाजे ड्रॉ लेंथ, म्हणजे तुम्ही दोरी किती लांब ओढता ते. 26 ते 28 आली तर 66 किंवा 68 इंची धनुष्य, त्यापुढे 68 किंवा 70. रायझर, म्हणजे मधला धरायचा भाग, 25 इंची असेल तर त्याला शॉर्ट लिम्ब्स (वर-खाली बसणाऱ्या वाकणाऱ्या पट्ट्या) लावून 66, मीडियमने 68, लाँगने 70 होतं. धनुष्य आखूड पडलं तर शेवटच्या इंचाला एकदम जड लागतं आणि दोरी बोटांना चिमटते.

आता पाउंड. लिम्बवरचा पाउंडांचा आकडा 28 इंच ड्रॉ लेंथला असतो आणि दर इंचामागे साधारण 2 पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे तेच 24 चे लिम्ब्स 26 इंच ओढणाऱ्याला 20 च्या आसपास लागतात आणि 30 ओढणाऱ्याला 28. मोठ्यांनी 18 ते 24 मध्ये सुरुवात करावी, मुलांनी अजून हलकं. कुणाचं तरी धनुष्य मागून घ्या आणि ओढून बघा, हनुवटीखाली आणून 10 सेकंद धरा. खांदा वर चढला, हात थरथरला किंवा ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावं लागलं तर ते तुम्हाला जड आहे, घेऊ नका. स्पर्धेत 70 मीटरच्या रँकिंग राउंडला, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या फेरीला, 72 बाण मारायचे असतात, शेवटचाही पहिल्यासारखाच ओढता यायला हवा ना! आणि हो, बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, हळूच परत आणायची, नाहीतर लिम्ब तडकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, पैसे रायझरवर घाला आणि पहिले लिम्ब्स स्वस्तातले घ्या. रायझर आयएलएफ फिटिंगचा (लिम्ब्स बसवायची एक सामायिक पद्धत) असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांचे लिम्ब्स बसतात, ताकद वाढली की तेवढेच बदलायचे, एकावेळी 2 ते 4 पाउंड, बस.

जुनं मिळत असेल तर दोरी चढवून मागून बघा, ती दोन्ही लिम्ब्सच्या बरोब्बर मधून गेली पाहिजे. एका बाजूला सरकलेली दिसली तर जाणकाराला दाखवा, कधी नुसतं अलाइनमेंट, म्हणजे लिम्ब्सची सरळ रेष, बिघडलेलं असतं, कधी लिम्बच पिळलेला असतो. टोकांजवळ बोट फिरवा, चीर किंवा थर सुटलेला लागला तर सोडून द्या.

बाण सगळ्यात शेवटी घ्या, कारण बाणाचा स्पाइन, म्हणजे त्याचा ताठपणा, तुमच्या हातात पडणाऱ्या पाउंडावर आणि बाणाच्या लांबीवर ठरतो.