हॉलमधला लॅपटॉप कुठलाही असो, रेकॉर्डिंग आपल्या पेनड्राइव्हवरून

ऑक्टोबर संपत आला की मुलुंडपासून दादरपर्यंतच्या ज्येष्ठ नागरिक संघांची बोलावणी सुरू होतात. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि 'जीवन प्रमाण' या सरकारी डिजिटल सोयीमुळे तो आता फोनसमोर चेहरा धरून घरबसल्या देता येतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हे शिकवते. प्रत्यक्ष करून दाखवायचं तर कुणाचा तरी आधार क्रमांक पडद्यावर उघडा पडतो, ओटीपी वेळेवर येत नाही, हॉलमध्ये रेंज नसते. म्हणून सगळं आधी रेकॉर्ड करून ठेवते आणि तेच दाखवते.

दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका हॉलमध्ये तिथल्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं. आवाज आला, चित्र नाही. माझ्या फोनने फाइल एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून ठेवण्याच्या पद्धतीत साठवली होती आणि तिथल्या प्लेअरला ती वाचता येत नव्हती. दुसरा प्लेअर टाकायला ॲडमिन पासवर्ड हवा, तो ज्यांच्याकडे ते गावाला गेलेले. समोर चाळीसेक माणसं, कुणी काठी टेकत आलेलं, कुणी स्टेशनचे जिने चढून. मी तासभर तोंडी सांगत राहिले. बोट कुठे ठेवायचं हे तोंडी सांगून समजत नाही हो. तेव्हापासून मी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोजसारखी) पेनड्राइव्हवर घेऊन जाते. लॅपटॉप त्यांचा, पण तो चालतो माझ्या पेनड्राइव्हवरून, त्यांच्या हार्डडिस्कला हात न लावता.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, यूएसबी ३ वाला घ्या. मी लॅमिंग्टन रोडवरून घेते. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की चालत पाच-दहा मिनिटं. दुकान कितीही ओळखीचं असलं तरी घरी आल्यावर आधी 'एचटूटेस्टडब्ल्यू' हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा. पेनड्राइव्हवर लिहिलेली जागा खरोखर आहे का, हे तो पूर्ण भरून, परत वाचून सांगतो. बनावट पेनड्राइव्ह सुरुवातीला व्यवस्थित चालतो आणि भरत आला की फाइली खराब करतो. तासभर जातो, पण ही पायरी गाळू नका.

आता सिस्टिम. मी उबुंटू लिनक्सच्या घराण्यातलं झुबुंटू वापरते, कारण ते हलकं आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही तग धरतं. त्याची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम बांधलेली एकच फाइल) उतरवा आणि विंडोजवर 'रुफस' या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा. रुफसमध्ये 'पर्सिस्टंट पार्टिशन'ची एक पट्टी असते, ती सरकवून साधारण १० जीबी द्या. तुम्ही केलेल्या सेटिंग आणि टाकलेले प्रोग्रॅम या जागेत टिकून राहतात. ती दिली नाहीत तर लॅपटॉप बंद केल्यावर सगळं पुसलं जाईल. पार्टिशन स्कीम (पेनड्राइव्हचे भाग मांडायची पद्धत) एमबीआर ठेवा, म्हणजे जुनं-नवं दोन्ही प्रकारचं मशीन पेनड्राइव्हवरून सुरू, म्हणजे बूट, होतं.

व्हेंटॉय नावाचं साधनही चांगलं आहे, एकाच पेनड्राइव्हवर कितीतरी सिस्टिम मावतात. पण सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू न होऊ देणारी सुरक्षा) चालू असलेल्या लॅपटॉपवर ते पहिल्यांदा चालवताना त्या लॅपटॉपमध्ये त्याची की, म्हणजे ओळखीची डिजिटल खूण, नोंदवावी लागते. दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये अशी नोंद मागे ठेवून येणं मला पटत नाही. उबुंटूच्या घराण्यातल्या सिस्टिमला त्याची गरज पडत नाही.

घरच्या लॅपटॉपवर या पेनड्राइव्हने बूट करा, एकदाच नेट जोडा आणि 'एमपीव्ही' हा प्लेअर इन्स्टॉल करा. 'सगळं अपडेट करू का' असं सिस्टिम विचारेल, तिला नाही म्हणा. जागा भरते, आणि नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) घेऊनही या पेनड्राइव्हवरून बूट जुन्यानेच होतं. मग पॉवर मॅनेजरमधला 'प्रेझेंटेशन मोड' चालू करा, म्हणजे बोलता बोलता पडदा काळा होणार नाही. वॉलपेपर साधा काळा ठेवा.

एमपीव्हीच का, ते सांगते. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'कीप-ओपन' समोर 'ऑलवेज' लिहिलं की क्लिप संपल्यावर प्लेअर शेवटच्या चित्रावर थांबून राहतो. बंद होत नाही, पुढच्या क्लिपवरही आपणहून जात नाही. शिकवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पडद्यावर शेवटची पायरी दिसत असते आणि लोक आपापल्या फोनमध्ये ती शोधत असतात.

गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "बाई, ती बरोबरची खूण कुठे केलीत? मला दिसलीच नाही." संमतीची चौकट होती ती, रेकॉर्डिंगमध्ये अर्ध्या सेकंदात माझं बोट येऊन गेलं होतं. मी थांबवलं आणि स्वल्पविरामाची की दाबत एकेक चित्र मागे नेलं. चौकट रिकामी, मग बोटाचा पांढरा ठिपका, मग खूण. ऑल्ट धरून अधिकची की दाबली की चित्र मोठं होतं, ऑल्ट आणि बाणांनी ते सरकवता येतं. ती चौकट अख्ख्या पडद्याएवढी झाल्यावर आजी म्हणाल्या, "हां, आता कळलं." अर्ध्या हॉलने तेव्हाच आपापल्या फोनवर खूण केली.

पुढे एकेक चित्र जायला पूर्णविरामाचा ठिपका. वेग कमी-जास्त करायला चौकटी कंस, पुन्हा नेहमीच्या वेगावर यायला बॅकस्पेस. एखादा तुकडा फिरवत ठेवायचा असेल तर त्याच्या सुरुवातीला 'एल' आणि शेवटी पुन्हा 'एल'. एवढ्या कळा हाताला बसल्या की माउस लागत नाही.

मात्र हे सगळं रेकॉर्डिंग कसं केलंय त्यावर अवलंबून आहे. अँड्रॉइड फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये स्पर्श दाखवण्याची सोय असते, ती आधी चालू करा. तो पांढरा ठिपका नसेल तर बोट कुठे लागलं हे कुणालाच कळत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, नाहीतर मुलीचा मेसेज सगळ्या हॉलला वाचायला मिळतो. आधार क्रमांक आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक एडिट करताना पूर्ण झाका. धूसर करू नका, काळी पट्टीच टाका. काही ॲपमध्ये, विशेषतः बँकांच्या, रेकॉर्डिंग काळं येतं. ती सुरक्षेची व्यवस्था आहे, तिला वळसा घालू नका. तेवढी पायरी दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने शूट करा.

नंतर प्रत्येक फाइल 'हँडब्रेक' या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. त्यात निवडा: एच.२६४ (जवळपास सगळीकडे चालणारी पद्धत), एमपी४, सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'. फोन पडदा हलत नसताना कमी फ्रेम टिपतो, त्यामुळे मूळ फाइलचा वेग एकसारखा नसतो आणि एडिट करताना आवाज मागे-पुढे होतो. आणखी एक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली. बाण दाबून मागे गेलं की प्लेअर जवळच्या 'की-फ्रेम'वर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या चित्रावर, उडी मारतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन की-फ्रेममध्ये आठ-दहा सेकंदांचं अंतर पडू शकतं, म्हणजे हवी ती पायरी हुकतेच. हँडब्रेकच्या ॲडव्हान्स्ड खान्यात 'कीइंट' ३० द्या, दर सेकंदाला एक की-फ्रेम येते. फाइल थोडी मोठी होते, होऊ दे.

आकाराचाही विचार करा. फोन उभा, पडदा आडवा. १०८० बाय २४०० चं रेकॉर्डिंग १२८० बाय ८०० च्या प्रोजेक्टरवर लावलं तर त्याची रुंदी ३६० पिक्सेल उरते, पडद्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मागच्या रांगेला अक्षर दिसत नाही. म्हणून ज्या भागात काम चाललंय तेवढाच कापून वेगळी क्लिप करते. क्लिप लहान, एकेका पायरीची, नावापुढे ०१, ०२ असे आकडे.

या फाइली पेनड्राइव्हच्या मोठ्या, विंडोजला दिसणाऱ्या भागात ठेवा. तो एफएटी३२ पद्धतीचा असतो, त्यामुळे एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. झुबुंटूत हाच भाग 'सीडीरॉम' नावाच्या फोल्डरमध्ये दिसतो. शेजारी व्हीएलसी या प्लेअरची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता विंडोजवर चालणारी) आवृत्तीही टाकून ठेवा. ॲपलच्या एम-चिपवाल्या मॅकवर हा पेनड्राइव्ह बूट होणार नाही, पण तिथे फाइली तरी उघडतात.

हॉलवर पाऊण तास आधी पोहोचा. मध्य रेल्वेवरून येणार असाल तर तासभर धरा. लॅपटॉप ज्यांचा आहे त्यांना आधी विचारा, काय करणार ते सांगा. मग विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, 'यूज अ डिव्हाइस' निवडा आणि त्यात आपला पेनड्राइव्ह. तो पर्याय दिसला नाही तर बूट मेनूची की: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. काही नव्या लॅपटॉपवर बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी' सर्टिफिकेटला परवानगी नसते आणि बूट अडतं. तिथे पोर्टेबल व्हीएलसीवर भागवा. सिक्युअर बूट बंद करायच्या फंदात अजिबात पडू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती त्या माणसाकडे असेलच असं नाही.

पडदा 'मिरर'वर ठेवा, लोकांना दिसतं तेच आपल्याला दिसतं. एचडीएमआय जोडल्यावर आवाज प्रोजेक्टरकडे जातो आणि कित्येक प्रोजेक्टरना स्पीकर नसतो, तेव्हा आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा मार्ग निवडून हॉलच्या ॲम्प्लिफायरला वायर जोडा. एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर पर्समध्ये असू द्या, जुने प्रोजेक्टर अजून खूप आहेत.

हॉलवर नेट मात्र जोडू नका. झुबुंटू लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाला जागतिक वेळ समजतं आणि नेट मिळालं की ते 'दुरुस्त' करतं. मग विंडोज उघडल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे. एका वाचनालयात असं झालं होतं, त्यांच्या देवघेवीच्या नोंदींवर सकाळची वेळ पडली आणि मला दुसऱ्या दिवशी जाऊन नीट करून द्यावी लागली.

कार्यक्रम संपला की शटडाउन करा. पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा असा संदेश येतो, त्याच्या आधी काढू नका. नंतर मालकासमोरच त्यांचं विंडोज सुरू करा, घड्याळ बघा, आणि मगच वायर गुंडाळा.