क्लचचं काम काढण्याआधी: गिअरबॉक्स खाली असताना तिथून हलू नका

मागच्या वेळी गिअरबॉक्स उतरला आणि मी समोर तर्री पोहे खायला गेलो. मग चहा, मग एक फोन. परत आलो तर नवी प्लेट बसलेली, गिअरबॉक्स वर चढलेला. फ्लायव्हील म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबून बसते ती इंजिनाची जड चकती. "फ्लायव्हील पाहिलं का?" विचारलं तर मेकॅनिक म्हणे, "पाहून घेतलं न भाऊ, ओके आहे एकदम." तीन आठवड्यांनी नागपुरात रामझुल्याच्या (उड्डाणपुलाच्या) चढावर गर्दीत अडकलो आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना अख्खी गाडी थरथरायला लागली. गिअरबॉक्स पुन्हा खाली, मजुरी पुन्हा. फ्लायव्हीलवर रुपयाएवढे निळे डाग होते. तेव्हाही होतेच, फक्त मी पोह्यांवर होतो.

तर आता तयारी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घ्या. गिअर ऑइल, ब्रेक क्लीनर, बॅटरीची वायर सोडवणं. हे मेकॅनिक सांगतोच, त्यावर वेळ घालवत नाही.

गाडी लावण्याआधी एक गोष्ट विचारून ठेवा: तुमच्या गाडीचं फ्लायव्हील साधं एकसंध आहे की ड्युअल मास? बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुतेक साधं. चेसिस नंबर देऊन स्पेअरच्या दुकानातून खात्री करा आणि नव्या फ्लायव्हीलची किंमत व ते किती दिवसांत मिळेल हेही त्याच फोनवर विचारा. ड्युअल मास अनेकदा क्लच सेटपेक्षा महाग पडतं. हा आकडा गाडी जॅकवर असताना पहिल्यांदा ऐकला की माणूस हमखास म्हणतो, "राहू द्या, चालेल." साधं असेल तर लेथवाल्याशीही (मशीनवर लोखंड तासून सपाट करून देणारा) बोलून ठेवा. हिंगणा एमआयडीसीकडे हे काम करणारे सापडतात, पण त्याच दिवशी करून देतील का ते आधी विचारा. रविवारी काम काढू नका.

आता मुख्य गोष्ट. गिअरबॉक्स खाली असताना तिथे उभे राहा. डबा घेऊन जा, पाण्याची बाटली घ्या, मे महिना असेल तर टोपी घाला, पण हलू नका. जुनी प्लेट निघाली की मोबाइलचा टॉर्च फ्लायव्हीलवर मारा. चिंधीने पुसायला लावा, हलका एमरी पेपर फिरवायला लावा, मग बघा. नुसती काळपट झाक असेल तर काही नाही. नखाला लागणारी चर असेल तर लेथ. नख अडकेल अशी भेग असेल, किंवा भेग बोल्टच्या भोकाकडे गेली असेल, तर बदला, वाद नको. निळ्या डागांचं मात्र लबाड काम आहे. तिथे लोखंड तापून कडक झालेलं असतं आणि ते वरवर घासलं तर डाग पुसला जातो, पण कडक ठिपका आत राहतो. बाकीचा भाग झिजतो, ठिपका उंच राहतो आणि थरथर परत येते. खोलवर घासून फ्लायव्हील किमान जाडीच्या खाली जात असेल तर नवंच घ्या. काही फ्लायव्हीलला पायरी असते, म्हणजे घर्षणाचा भाग आणि प्रेशर प्लेट बसते ती कड वेगळ्या उंचीवर असतात. लेथवाल्याने घर्षणाचा भाग जेवढा कापला तेवढीच पायरीही कापायला हवी, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. हे त्याला तोंडाने सांगा. "त्याला माहीतच असेल" असं धरून चालू नका.

ड्युअल मास लेथवर नेऊच नका. हाताने फिरवून आणि डोलवून बघा. ढिलाई किती चालते ते कंपनीच्या मापावरून ठरतं, मेकॅनिकच्या अंदाजावरून नाही. कडेला ग्रीस फेकलेलं दिसलं तर ते फ्लायव्हील संपलं. इंजिन बंद करताना खडखडाट येत असेल तर तोही आधीच सांगून ठेवा.

रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याचे, दात पाहा. फ्लायव्हीलमागे तेलाचा ओलावा असेल तर क्रँक सील (इंजिनाचं तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) आत्ताच बदला, कारण त्या तेलाने नवी प्लेटही जाईल. फ्लायव्हील काढण्याआधी रंगाची खूण करून घ्या, म्हणजे परत त्याच जागी बसेल. बोल्ट नवे, बऱ्याच गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नसेल तर आणायला लावा, "हातानेच अंदाज येतो" हे ऐकून घेऊ नका.

आणि फोटो काढा, नवी प्लेट लागण्याआधी. गिअरबॉक्स खाली असताना. मेकॅनिक चांगला आहे, ओळखीचा आहे, साळ्याचा मित्र आहे, तरी काढा. माझाही ओळखीचाच होता.

बसवताना प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध, स्प्लाइनला (प्लेट ज्या खाचांवर सरकते त्यांना) ग्रीसचा नुसता हात, घर्षणाच्या भागाला बोटंही नको. ट्रायल सेमिनरी हिल्सच्या चढावर घ्या, सपाट वर्धा रोडवर काही कळत नाही. पहिले 500 किलोमीटर क्लचवर पाय ठेवून चालवू नका. जुनी प्लेट मागून घ्या.